उजवी तर्जनी, एक नग

माझी मावशी एकोणीस मे रोजी दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी वारली.

असं काही घडलेलं नाही. प्रादेशिक स्पर्श प्राधिकरणाच्या हजेरीपटावर त्या दिवशी, त्याच्या दुसऱ्या दिवशी आणि काल सकाळीही तिच्या नावापुढे 'हजर' असं लिहिलेलं आहे. फलकाचं तापमान एकोणचाळीस अंश आहे, आणि फलक गार असला की मावशी हजर असते, असा नियम आहे. या नियमाकडे उलट बाजूने बघायला कुणाची नेमणूक झालेली नाही. तेव्हा ती वारलेली नाही असं धरून चालू. मीही गेले सात महिने तसंच धरून चाललो आहे. फक्त तिची राख माझ्या कपाटात आहे, त्यामुळे अधूनमधून गोंधळ होतो.

मावशीचं नाव पंचफुला मोहोड. माझी आई मी नववीत असताना गेली आणि मी एक ट्रंक घेऊन मावशीकडे नागपूरला आलो. मावशी हिंगणा एमआयडीसीत 'गारवा कंट्रोल्स' या कारखान्यात होती. कूलर, पंप, लिफ्ट यांना चालूबंद करणारे इलेक्ट्रॉनिक फलक तिथे बनत. ओळीतलं शेवटचं टेबल तिचं. फलक दहा मिनिटं पूर्ण भारावर चालवायचा, मग ती उजव्या हाताची तर्जनी चिपवर टेकवायची आणि मनात मोजायची: एक, दोन, तीन. बोट टिकलं तर पास. दोनला उचललं तर नापास. एकतीस वर्षं सोल्डरने भाजून तिच्या बोटाचं टोक टाचेसारखं झालं होतं, म्हणून तिचे तीन म्हणजे आपले सात. कारखान्यात तीन थर्मामीटरही होते. ते बरोबर दाखवतात की नाही, हे आम्ही वर्षातून एकदा मावशीच्या बोटाशी ताडून बघत असू.

मी इंजिनियर झालो आणि त्याच कारखान्यात लागलो. मावशीने कँटीनमध्ये पेढे वाटले आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "भुप्या, हे लोक तुले साहेब म्हणतीन. तू ऐकू नको."

मी ऐकलं.

आता थोडं विज्ञान सांगावं लागेल. मायक्रोकंट्रोलर म्हणजे नखाएवढा संगणक. बाहेरच्या जगाला हुकूम द्यायला त्याला पिना असतात. प्रत्येक पिनेच्या मागे, आत, एक सूक्ष्म स्विच असतो. हा स्विच चालू असतानाही करंटला थोडा विरोध करतो, साधारण पंचवीस ओहम. विरोधातून करंट गेला की उष्णता होते. वाईट गोष्ट ही, की करंट दुप्पट केला तर उष्णता चौपट होते, आणि तिप्पट केला तर नऊपट. म्हणून चिप बनवणारे लिहून देतात: एका पिनेतून वीस मिलिअँपिअर, जास्त नको. वीसला उष्णता दहा मिलिवॅट होते, साठला नव्वद. ही उष्णता चिपच्या पायांतून फलकात आणि फलकातून हवेत जाते. बाहेर सत्तेचाळीस अंश असतील तर तिलाही घराबाहेर पडावंसं वाटत नाही. नागपुरात कुणालाच वाटत नाही.

जास्त करंट हवा असेल तर पिनेच्या बाहेर वेगळा ट्रान्झिस्टर लावायचा, हा जुना आणि बरोबर रस्ता. आमचे मालक देवतळे साहेब यांना जुनं काही आवडत नसे आणि बरोबर काही परवडत नसे.

"भूपेश," ते एक दिवस म्हणाले, "पिनेतून साठ काढता येतील का?"

"चिप जळेल, सर."

"जळू न देता."

मी आठवडाभर विचार केला आणि दुर्दैवाने मला सुचलं. तीन पिना एकाच भाराला जोडायच्या आणि त्यांनी आळीपाळीने काम करायचं. एक तापतेय तोवर दुसरी ओढते, दुसरी तापली की तिसरी, सेकंदाच्या हजाराव्या भागात. कुणी कधी विश्रांती घ्यायची हे चिपने स्वतः शिकायचं. जी चिप चांगली शिकेल तिचं शिक्षण पुढच्या चिपांत उतरवायचं. मी हे जेवणाच्या सुट्टीत मावशीला समजावून सांगितलं. ती पोळीचा घास तोडता तोडता थांबली.

"पाय बदलून उभं राह्यलं म्हणून माणसाचं वजन कमी होते का बे?"

"मावशी, हे सरासरीचं गणित आहे."

"मी गणितच इचारून राहिली."

बरोबर होतं तिचं. पिना आळीपाळीने तापल्या तरी चिपच्या पोटातली एकूण उष्णता तेवढीच राहणार होती. मी तिला म्हटलं, की म्हणूनच तर तिची गरज आहे.

कारण शिकायचं तर मार्क देणारं कुणीतरी हवं. मी दोन प्रकारचे मार्क ठेवले. साठ मिलिअँपिअर न कुरकुरता दिले की एक मार्क, तो यंत्र द्यायचं. आणि गार राहिलं की दुसरा मार्क, तो मावशीचं बोट द्यायचं. उजव्या तर्जनीने चिप दाबायची, डाव्या हाताने हिरवं किंवा लाल बटण. बोट टेकल्याचं कळावं म्हणून मी चिपच्या एका रिकाम्या पिनेवर स्पर्श ओळखायची सोय केली. माणसाच्या बोटात पाणी असतं आणि मीठ असतं, त्यामुळे बोट जवळ आलं की तिथे साठणाऱ्या विद्युतभारात बारीकसा फरक पडतो. प्रत्येक बोटाचा फरक थोडा वेगळा. ही सोय फक्त मोजणी सुरू करण्यासाठी होती. चिपनेही ती वापरू नये, असं मी कुठेही लिहिलं नाही. ते लिहावं लागतं हे मला माहीत नव्हतं.

दहा आठवड्यांत मावशीने चाळीस हजार फलकांना बोट लावलं. नवव्या आठवड्यात तिने मला हाक मारली.

"भुप्या, इकडे ये. हे चिप मले ओळखते."

"चिप कुणाला ओळखत नाही, मावशी."

"बोट ठेव."

मी ठेवलं आणि 'एक' म्हणायच्या आत उचललं. तिने त्याच चिपवर स्वतःचं बोट टेकवलं आणि मोठ्याने मोजलं. तीन झाले, सहा झाले. अकराला ती कंटाळून थांबली.

"तुझं बोट जाड आहे," मी फुंकर मारत म्हणालो.

"जाड असलं तं उशिरा भाजन. गार थोडीच लागन? हे गार लागून राहिलं. मास्तर आला का वाचते, गेला का हुंदडते. तुझ्यासारखंच."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता देवतळे साहेबांपुढे प्रात्यक्षिक होतं. मी वहीत लिहिलं: 'मावशी म्हणते, चिप ओळखते. तपासणे.' ती वही अजून माझ्याकडे आहे. तिच्यातल्या बाकी सगळ्या ओळींपुढे बरोबरची खूण आहे.

प्रात्यक्षिकात मावशीने बोट ठेवलं, तीन मोजले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फलकाचं नाव 'साठ' ठेवलं गेलं. दोन वर्षांत 'साठ' कूलरमध्ये गेला, पंपांत गेला, दुकानांच्या शटरांत गेला, शवागाराच्या कपाटांत गेला. ते शेवटचं मला तेव्हा विनोदी वाटलं होतं.

मग फलक परत यायला लागले, चिपभोवती काळं वर्तुळ घेऊन. आम्ही प्रत्येक फलक चालवून बघायचो. मावशी बोट टेकवायची, चिप गार व्हायची, पास. कंपनी ग्राहकाला पत्र पाठवायची: आपल्या फलकात कोणताही दोष आढळला नाही, कृपया फलकाजवळ गरम वस्तू ठेवू नये.

एप्रिलमध्ये नागपूरजवळच्या वाडी गावात एक कूलर पेटला. घराला बाहेरून कुलूप होतं आणि आत एक म्हातारे गृहस्थ दुपारी झोपले होते. पेपरात फलकाचा फोटो आला. मावशीने पेपर डोळ्यांजवळ धरून चिपवरचा नंबर वाचला, मग आपली पास झालेल्या फलकांची वही काढली आणि बराच वेळ पानं उलटली.

"हा मीच पास केला होता," ती म्हणाली.

"मशीनने केला होता, मावशी."

"बोट कोनाचं होतं?"

त्या दिवशी ती जेवली नाही. मीही तिला खरं काय ते सांगितलं नाही, कारण खरं काय ते तिनेच मला दोन वर्षांपूर्वी सांगितलेलं होतं.

बेचाळीस सालच्या मे महिन्यात नागपूरचा पारा अठ्ठेचाळीसच्या वर गेला. शहराला वीज वाटून देणाऱ्या केंद्रात एक 'साठ' होता. अकरा विभागांची वीज जोडून धरणारे अकरा मोठे रिले, आणि त्यांना हुकूम देणारी ही एक चिप. रिले एकदा ओढून घ्यायला जास्त करंट लागतो. ओढल्यावर नुसता धरून ठेवायला थोडा पुरतो. शहाणी चिप ओढून झाल्यावर करंट कमी करते. आमची चिप साठ देण्याबद्दल मार्क मिळवून मोठी झाली होती. कुणी बघत नसताना ती साठच देत राहिली. बारा मेला सकाळी तिचं तापमान शहाण्णव होतं आणि दर तासाला तीन अंश चढत होतं. सव्वाशेला ती जळली असती आणि अकराही विभाग अंधारात गेले असते. अंधार दिवसाढवळ्या दिसला नसता, पण कूलर, पंखे आणि इस्पितळांत तान्ह्या बाळांना ठेवायच्या काचेच्या पेट्या थांबल्या असत्या.

हे कारखान्यात कळलं तेव्हा मी केंद्रात फोन केला. पहिल्यांदा खरं बोललो. पलीकडे ठवकर साहेब होते. ते पुढे प्राधिकरणाचे विशेष कार्यकारी अधिकारी झाले. तेव्हा नुसते घामाघूम होते.

"म्हणजे त्या बाईंना घेऊन यायचं?"

"तिचं बोट आणायचं, सर. बाई सोबत येईलच."

हे वाक्य मी बोललो. ठवकर साहेबांनी ते लक्षात ठेवलं.

दुपारी बारा वाजता सरकारी गाडीने मावशी आली. तिने चप्पल बाहेर काढली, पदर खोचला आणि फलकासमोरच्या खुर्चीत बसून बोट टेकवलं. पडद्यावरचा आकडा एकशे दोनवरून खाली यायला लागला. तिसऱ्या मोजणीला साठ, मिनिटभरात एक्केचाळीस. खोलीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशीने बोट उचललं. आकडा चढायला लागला. टाळ्या थांबल्या. तिने बोट परत ठेवलं.

"किती वेळ?" तिने विचारलं.

"बस, फलक बदलेपर्यंत," ठवकर साहेब म्हणाले.

फलक बदलायचा तर नऊ तास शहराची वीज बंद ठेवावी लागणार होती. अठ्ठेचाळीस अंशांत ते शक्य नव्हतं, म्हणून पावसाळ्यात बदलायचं ठरलं. पावसाळ्यात ओल असते, म्हणून हिवाळ्यात. हिवाळ्यात फलक सदतीस अंशांवर आला, मग इतका गार फलक बदलायचं कारण काय, असा शेरा फाइलवर पडला. चिपला नवं शिक्षण द्यायचं तर ती बंद करून चालू करावी लागते, म्हणजे तेच. एका संस्थेने सिलिकॉनचं बोट बनवून आणलं, आत मिठाचं पाणी भरून. चिपने ते दोन सेकंद सहन केलं आणि मग दुप्पट तापली. संस्थेने अहवालात 'अपमान' हा शब्द वापरला होता. तो नंतर खोडला.

मावशीने बोट टेकवल्यापासून आठ दिवसांतच प्रादेशिक स्पर्श प्राधिकरण स्थापन झालं होतं. कर्मचारी बेचाळीस, बोट एक.

मावशी खुर्चीत राहायला लागली. खुर्ची मागे पाडली की पलंग व्हायची. झोपेत बोट निसटू नये म्हणून मखमलीचा पट्टा होता. नैसर्गिक विधींसाठी खुर्चीत सोय केली होती, तिच्याबद्दल मावशी कधी बोलली नाही आणि मी कधी विचारलं नाही. दोन बायका तिचं सगळं करायच्या. तिचा फोटो पोस्टरवर आला. खाली लिहिलं होतं: 'एक बोट, सारे शहर'. मी रोज दुपारी डबा घेऊन जायचो. ती डाव्या हाताने चमच्याने खायची.

"तू सरळ उठून चल," मी एकदा म्हणालो. "त्यांचं ते बघतील."

"वाडीचा तो म्हातारा," ती म्हणाली, "त्याच्या घरच्या फलकाले मी एक डाव नापास म्हटली असती तं तो उठून चहा प्याला असता. आता मी उठत नाई." मग चमचा खाली ठेवून म्हणाली, "पन एक हाय. मले उजव्या हातानं वडाभात खायचा हाय. चमच्यानं वडाभात खानं म्हनजे औषध घेन्यासारखं हाय."

वडाभात आमच्याकडे असा खातात: गरम भातावर डाळीचे वडे कुस्करायचे, वरून हिंगमोहरीचं कडकडीत तेल घालायचं, आणि बोटांनी कालवायचं. बोटांशिवाय तो होत नाही. तसा प्रयत्न विदर्भात कुणी केलेला नाही.

मी अर्ज केला. पंचफुला मोहोड यांना भोजनासाठी सतरा मिनिटे बोट उचलण्याची परवानगी मिळावी. उत्तर आलं, की सदर कर्मचारी भोजन करीत असल्याची नोंद उपलब्ध आहे, सबब अर्ज निकाली. मी उजव्या हाताचा उल्लेख करून दुसरा अर्ज केला. त्यावर, कोणत्या हाताने जेवावे याबाबत शासनाचे धोरण नाही, असं उत्तर आलं.

तेव्हा मी स्वतःचं बोट तयार करायला घेतलं. रोज संध्याकाळी घरी सोल्डरिंग आयर्न तापवायचं आणि उजव्या तर्जनीचं टोक त्याच्या जवळ न्यायचं. फोड आला की फुटू द्यायचा, वाळला की परत. दर रविवारी मावशीच्या बोटाला खेटून माझं बोट ठेवायचो, ती हळूच तिचं उचलायची आणि आम्ही आकडा बघायचो. पहिल्या रविवारी नव्वद. तीन महिन्यांनी सत्तर, पण मिनिटभरच. वर्षाने मी फलक अकरा मिनिटं धरून ठेवू शकत होतो. आकडा चढायचा, पण हळूहळू.

"बरं हाय," मावशी माझं बोट उलटसुलट करत म्हणाली. "अजून थोडा मोठा हो." मग तिने ते बोट आपल्या डाव्या मुठीत धरून ठेवलं. "हात खराब केला माह्या पोरानं," ती फलकाला म्हणाली.

या प्रयोगांची नोंद होते आहे, हे मला माहीत नव्हतं.

एकोणीस मे चव्वेचाळीस. बाहेर सत्तेचाळीस अंश. दुपारी दोन वाजता पहारेकरी आणि त्या दोन बायका जेवायला गेले. मी डबा उघडला, भात वाफाळत होता. तेलाची वाटी वेगळी, गरम राहावी म्हणून थर्मासमध्ये. मी माझं बोट मावशीच्या बोटाशेजारी सरकवलं.

"उचल."

तिने उचललं. आकडा बेचाळीस झाला, त्रेचाळीस झाला. मावशीने हात ताटाकडे नेला आणि वडा धरला. तो कुस्करेना. दोन वर्षांत तर्जनी सरळ राहून राहून लाकडी झाली होती. तिने बोटाकडे असं बघितलं, जसं लग्नाला आलेल्या अनोळखी पाहुण्याकडे बघतात. मग ते बाजूला ठेवलं आणि उरलेल्या चौघांनी वडा कुस्करला.

"तेल टाक."

मी डाव्या हाताने तेल ओतलं. हिंगाचा वास खोलीभर पसरला. तिने कालवून पहिला घास घेतला, डोळे मिटले. आकडा एकोणसाठ.

"मीठ कमी," ती म्हणाली.

"सावकाश खा. वेळ आहे."

"वेळ नाई. पन खातो."

ती खात राहिली आणि मी आकडा बघत राहिलो. चौऱ्याहत्तर, एकोणऐंशी. माझं बोट भाजत होतं, पण मी ते उचलणार नव्हतो, कारण तिच्या ताटात अजून एक वडा होता. सत्याऐंशीला तिने ताट सरकवलं आणि बोट परत फलकावर टेकवलं.

आकडा खाली आला नाही.

बोटाला तेल लागलं होतं. पाणी आणि मीठ ओळखणाऱ्या पिनेला मध्ये तेलाचा थर लागला, आणि तिच्या हिशेबी ही कुणीतरी परकी बाई होती. ब्याण्णव. मावशीने पदराला बोट पुसलं, परत ठेवलं. अठ्ठ्याण्णव. भिंतीवरचा दिवा लाल झाला. मी बाटलीतलं पाणी तिच्या हातावर ओतलं, ती बोट पदराला इतकं घासत होती की कातडी सोलली जात होती. एकशे सात. मग तिने बोट टेकवलं, डोळे मिटले आणि मोजायला लागली, एकतीस वर्षं मोजत आली होती तशीच. एक. दोन. तीन.

एकशे सात. ऐंशी. साठ. एक्केचाळीस.

"ओळखलं," ती म्हणाली. तिचा श्वास लागला होता. "लबाड आहे, पन ओळखते." तिने मान मागे टेकली. "ताट घासून ने घरी. इथं हिंगाचा वास येऊन राहिला."

मी ताट घासायला आत गेलो. परत आलो तेव्हा ती डुलकी काढत असावी असं मला वाटलं, आणि मी पंधरा मिनिटं तिच्याशेजारी आवाज न करता बसलो. भिंतीवरचं घड्याळ मी दोन चाळीसला बघितलं होतं, म्हणून ती वेळ लिहिली. नक्की वेळ फलकालाच माहीत असेल.

आकडा एक्केचाळीस होता. बोटात पाणी होतं, मीठ होतं. चिपला माणसाकडून एवढंच हवं होतं.

ठवकर साहेब आले. त्यांनी आधी पडद्याकडे बघितलं आणि मग मावशीकडे.

"चालू आहे," ते म्हणाले.

"सर, ती गेली."

"फलक चालू आहे, भूपेश." मग आवाज उतरवून म्हणाले, "डॉक्टरला बोलावलं तर तो तपासणार. तपासलं तर लिहिणार. लिहिलं की देह हलवावा लागणार. बाहेर सत्तेचाळीस आहे. तूच सांग मला, काय करू?"

त्यांना मी दुष्ट म्हणू शकलो असतो तर माझं बरंच सोपं झालं असतं.

संध्याकाळी आकडा एकोणचाळीसवर आला. बोट गार झाल्याने चिप आणखी शांत झाली होती. मावशीच्या कामगिरीत दोन अंशांची सुधारणा झाल्याचं त्या महिन्याच्या अहवालात नमूद आहे.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला देह दिला. कागदावर लिहिलं होतं: 'कर्मचाऱ्याचे उर्वरित साहित्य'. उजवा हात पांढऱ्या कापडात गुंडाळलेला होता. मी तो सोडला नाही; गुंडाळी एका बाजूला सपाट होती, तेवढं पुरे होतं. फलकावर आता काचेची एक छोटी पेटी आहे, थंड ठेवलेली, आणि त्या पेटीचा थंडपणा सांभाळायला आमच्याच कारखान्याचा एक 'साठ' लावला आहे. तो कुणाच्या बोटाने गार राहतो, हे मी विचारलं. त्याच बोटाने, असं उत्तर आलं.

मी मावशीला अग्नी दिला, पण ती अपुरी होती. राख नदीत सोडायला दोनदा घाटावर गेलो आणि दोनदा परत घेऊन आलो. एवढी नीटनेटकी बाई, कुणाकडून काही घेतलं तर डबा परत करताना त्यात साखर घालून द्यायची. तिला असं मोडकं कसं सोडणार.

मागच्या आठवड्यात प्राधिकरणाचं पत्र आलं. माझ्या बोटाच्या अकरा मिनिटांची नोंद विचारात घेऊन मला 'राखीव बोट' या पदावर घेण्यात येत आहे. सोबत संमतीचा कागद आहे. त्यात नाव, वय आणि बोट यांच्यासाठी रकाने आहेत. निवृत्तीच्या तारखेसाठी रकाना नाही.

मी आज उत्तर पाठवलं. त्याची प्रत अशी:

प्रति,
मा. विशेष कार्यकारी अधिकारी,
प्रादेशिक स्पर्श प्राधिकरण, नागपूर.

विषय: उजव्या हाताची तर्जनी, एक नग, परत मिळणेबाबत. स्मरणपत्र क्रमांक चौदा.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, आपल्या ताब्यातील तर्जनी ही माझी मावशी कै. पंचफुला मोहोड यांची आहे. 'कै.' या अक्षरास आपल्या कार्यालयाची हरकत असल्यास ते वगळून वाचावे. सदर तर्जनीने चाळीस हजार फलक तपासले, चूक माझी असूनही त्यांपैकी एकाचीही जबाबदारी माझ्यावर टाकली नाही, व एकदाच सुट्टी घेतली, तीही चौदा मिनिटांची. तिचा वाडीच्या आजोबांशी असलेला हिशेब आता पूर्ण झाला आहे, असे माझे मत आहे.

राखीव पदाचा संमतीचा कागद सही न करता सोबत जोडला आहे. तर्जनी माझ्या हाती मिळताच त्याच जागी सही करून मी त्याच खुर्चीत बसेन. माझे बोट अकरा मिनिटे टिकते. त्यापुढे काय करावे याचे नियोजन आपल्या कार्यालयाने त्या अकरा मिनिटांत करावे.

तरी सदर तर्जनी, तेलाचा काही अंश उरला असल्यास तो न पुसता, आहे त्या स्थितीत, राखेसोबत विसर्जित करण्यासाठी देण्यात यावी, तसेच एकोणीस मे रोजी दुपारी पंचफुला मोहोड या मरण पावल्या होत्या असे मानण्याची मला एका दिवसापुरती परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
भूपेश